दुसऱ्या पानावरची यादी

३ फेब्रुवारी २०१८, शनिवार

गेल्या वर्षी मी एका मुलीला चुकीची तारीख सांगितली आणि तिचं कॉलेज बुडालं. म्हणून ही वही.

कॅमिल हेल. हुशार, नीटनेटकी मुलगी. पैशाच्या मदतीचा अर्ज जूनअखेरपर्यंत गेला तरी चालतो, असं मी तिच्या आईला ठामपणे सांगितलं. इतर कॉलेजांना चालत होतं. तिच्या कॉलेजला तो पंधरा मार्चच्या आत हवा होता. प्रवेश मिळाला, पण तोवर मदतीचे पैसे वाटून संपले होते. आता कॅमिल कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात गल्ल्यावर असते. माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या तीच पिशवीत घालते आणि "जपून जा, मिस व्हर्ना," म्हणते. तिने एकदा तरी तोंड फिरवलं असतं तर बरं झालं असतं.

चौतीस वर्षं मी इथे मेकन गावातल्या शाळेत मुलांना कॉलेजची वाट दाखवण्याची नोकरी केली. बावीस वर्षं चर्चच्या तळघरात दर शनिवारी तेच काम बिनपगारी करते आहे. आजवर सगळं डोक्यात ठेवलं. डोकं आता अडुसष्ट वर्षांचं आहे. यापुढे ज्या दिवशी जे सांगितलं, ते त्याच दिवशी इथे लिहायचं.

माझी थोरली बहीण लोरीन नवरा गेल्यापासून माझ्याकडे राहते. तिने वही उचलून पाहिली. "एवढीशी? तुझ्या चुका मावतील का गं हिच्यात?"

तिला बोलू द्यावं. मनावर घेऊ नये.

१० फेब्रुवारी, शनिवार

रोशेल ग्रिग्ज आणि तिची मुलगी टमार. रोशेल वृद्धांच्या निवासात सेविका आहे, रात्रपाळी करून थेट आली होती. कागद किराणाच्या पिशवीत. पिशवी तिने मांडीवरून खाली ठेवली नाही.

"कराचे कागद?" मी विचारलं.

"आणलेत. पण आधी सांगा, बघणार कोण कोण?"

"मी आणि सरकार."

"सरकारला माहीतच आहे, मिस व्हर्ना. प्रश्न तुमचा आहे. तुम्ही चर्चमध्ये माझ्या पुढच्याच बाकावर बसता."

मी म्हणाले, गेली बावीस वर्षं या गावातल्या अर्ध्या घरांची मिळकत मला ठाऊक आहे, आणि एकाही रविवारी माझी मान मागे वळलेली नाही. मग पिशवी टेबलावर आली.

टमारला उत्तरेकडच्या एका कॉलेजात नद्यांचा गाळ शिकायचा आहे. मी दोनदा विचारलं, गाळच ना? "हो, मॅम." आमच्या ओकमल्गी नदीच्या गाळाच्या एकतीस बरण्या तिच्या खिडकीत आहेत, प्रत्येकीवर तारीख. "झाकणं माझ्या लोणच्याच्या बरण्यांची," रोशेल म्हणाली. इथल्या कॉलेजात तो विषय शिकवत नाहीत.

निघताना रोशेलने अट सांगितली. पोरीच्या नावावर एक डॉलरचंही कर्ज नाही. तिने स्वतः तरुणपणी दवाखान्यातल्या मदतनिसाचा कोर्स कर्ज काढून धरला होता. आठ महिन्यांत ती शाळाच बंद पडली. "त्या इमारतीत आता टायरचं दुकान आहे. हप्ता मी अजून भरते. निदान एक टायर तरी द्यायचा." हसली नाही. कर्ज काढावं लागलं तर टमार घरी राहून इथल्याच कॉलेजात जाईल.

अर्ज समोर बसून भरून घेतला. तारीख तीन ठिकाणी तपासली.

२४ मार्च, शनिवार

टमारचं पत्र आलं. वर मोठ्या अक्षरांत अभिनंदन, खाली एकूण देऊ केलेली रक्कम: सहासष्ट हजार पाचशे डॉलर. वर्षाचा सगळा खर्च नेमका तेवढाच.

रोशेलने खुर्चीत बसकण मारली. "सगळं? सगळंच देतायत?"

मी कात्री काढली. हे मी प्रत्येक घरासाठी करते. पत्राची प्रत काढायची आणि ओळीओळीने कापायची. पहिला तुकडा, कॉलेजची आणि सरकारची मदत, अठ्ठावन्न हजार चारशे. ही परत करायची नाही. दुसरा, कॉलेजच्या खानावळीत काम करून वर्षभरात मिळवायचे दोन हजार सहाशे. तिसरा, साडेपाच हजार. तो मी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सरकवला.

"हे काय?"

"कर्ज."

"पण वर अभिनंदन लिहिलंय!"

"कर्जासाठीही तेच लिहितात."

रोशेल त्या तुकड्याकडे मेलेल्या झुरळाकडे पाहावं तसं बघत राहिली. टमारने तो उचलला, चार घड्या घातल्या आणि बुटात ठेवला. "चर्चची शिष्यवृत्ती मिळाली तर हा भागेल ना, मॅम?"

मी म्हणाले, भागेल. दर वर्षी भागतो. लिहून ठेवते: मी "भागेल" म्हणाले.

मी स्वतः अडुसष्ट साली कॉलेजला गेले तेव्हा कात्रीची गरज पडली नव्हती. फी माफ होती आणि बाकीचं बाबांनी चोख केलं. ट्रंक, कोट, बूट, एकेक वस्तू वेळेवर घरी यायची. लोरीन तेव्हा हॉटेलच्या धुलाईघरात कामाला होती. तिला असल्या गोष्टींत रस नव्हता. फक्त दर शुक्रवारी पगार घेऊन आली की दारातूनच विचारायची, "हिचं अजून काय राहिलंय?"

१ मे, मंगळवार

टमारने उत्तरेकडच्या कॉलेजला होकार कळवून जागा राखली आणि इथल्या कॉलेजला नकार पाठवला. आता मागे वळायला वाट नाही. चर्चच्या समितीने तिचं नाव नक्की केल्यावरच मी तिला हे करायला सांगितलं.

चर्चचे कारभारी, डीकन होझिया प्रुइट यांनी आकडा जाहीर केला: पाच हजार आठशे. वर्षभर दर शुक्रवारी मासे तळले त्याचे हे पैसे. कॅटफिशचे दोन तुकडे, कोबीची कोशिंबीर, पांढरा ब्रेड, वर लोरीनच्या पाउंड केकची चकती. डीकनच्या हातांवर तेलाचे चटके आहेत आणि ते बाही वर सारून सगळ्यांना दाखवतात; त्यांच्या हिशेबी प्रत्येक डाग म्हणजे शिष्यवृत्ती मिळालेलं एक मूल. "हा डाग वेंडेलच्या वर्षीचा. हा इंजिनियर आहे, माहितीये?"

२० मे, रविवार

शिष्यवृत्तीचं पत्र नेहमीप्रमाणे कॉलेजला टाकलं. बाहेरून मिळालेली प्रत्येक शिष्यवृत्ती कॉलेजला कळवायची, हा नियम आहे. बावीस वर्षांत एकदाही चुकवला नाही. चेक पुढच्या महिन्यात शिक्षण-रविवारी सगळ्यांपुढे द्यायचा आहे. डीकनांनी दाराएवढा पुठ्ठ्याचा चेक रंगवायला घेतला आहे.

५ जून, मंगळवार

टमार घरी आली. हातात कॉलेजचं नवं पत्र. तिने ते आधीच कापून आणलं होतं. तुकडे माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडले आणि मागे सरून उभी राहिली.

चर्चचा तुकडा आला होता, पाच हजार आठशे. कॉलेजची मदत होती अठ्ठावन्न हजार चारशे, ती झाली बावन्न हजार सहाशे. कर्जाचा तुकडा जागेवरच.

"आईला दाखवलंस?"

"नाही, मॅम. ती झोपलीय. आज रात्रपाळी आहे."

पहिल्यांदा मला वाटलं, छापायची चूक आहे.

६ जून, बुधवार

चूक नाही. कॉलेजच्या कचेरीतले केली नावाचे गृहस्थ सभ्यपणे बोलले. बाहेरून पैसे आले की तेवढी गरज कमी होते आणि गरज कमी झाली की मदत कमी होते. त्यांच्याकडे तोच नियम आहे.

"मग मदत कमी करण्याऐवजी कर्ज कमी करा," मी म्हणाले.

"आमच्याकडे आधी मदत कमी होते, मॅडम."

"म्हणजे आमचे डीकन वर्षभर तुमच्यासाठी मासे तळत होते?"

ते म्हणाले, अपील करता येईल, उत्तराला आठ आठवडे. तोवर टमारने कर्जाला हो किंवा नाही कळवण्याची मुदत टळलेली असेल.

रोशेल दुपारी आली. तिने आवाज चढवला नाही. चढवला असता तर सोपं गेलं असतं. "त्यांना कळवलं कोणी?"

"मी."

"का?"

"नियम आहे."

"तुमचा नियम पाळला गेला, मिस व्हर्ना. माझी पोर मात्र दोन्ही कॉलेजांना मुकली." इथल्या कॉलेजात ती सकाळीच चौकशी करून आली होती. पुढच्या जानेवारीपर्यंत जागा नाही.

९ जून, शनिवार

तळघरात जिन्याजवळच्या भिंतीवर बावीस फोटो आहेत. बावीस मुलं, बावीस पुठ्ठ्याचे चेक, प्रत्येक फोटोत उजवीकडे मी. आज त्यांच्यासमोर नेहमीपेक्षा जास्त वेळ उभी राहिले. मग अटलांटाला वेंडेलला फोन लावला.

"चर्चने चेक दिला त्या वर्षी तुझ्या कॉलेजने तुझी मदत कापली होती का?"

"दुसऱ्याच महिन्यात कापली, मिस व्हर्ना."

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगणार होतो. आई म्हणाली, तोंड उघडशील तर बघ. ती बाई तुझ्यासाठी एवढं राबलीय, तिला किती आनंद झालाय, तो घालवू नकोस. मग मी दोन उन्हाळे घरांची छपरं घातली. काही बिघडलं नाही."

मी त्याला म्हणाले की न सांगणं ही त्याची चूक होती. फोन ठेवल्यावर वाटलं, हे बोलायला नको होतं.

आणखी दोघांना फोन केले. एकीची मदत कापली गेली नव्हती. दुसऱ्याची गेली होती. तिसरा करायचा धीर झाला नाही. हे प्रामाणिकपणे लिहून ठेवते.

१२ जून, मंगळवार

समितीची बैठक. डीकन प्रुइट, मी, रोशेल, टमार. लोरीन कॉफी द्यायला आली होती.

डीकनांचा तोडगा: चेक रद्द झाला म्हणून कळवायचं आणि नोटा पाकिटात घालून पोरीच्या हातात ठेवायच्या. "कोणाला कळणार?"

"मला," मी म्हणाले.

"सिस्टर टॉलिव्हर, डोळे मिटून घ्या की दोन मिनिटं. प्रार्थनेला मिटताच."

मी म्हणाले, शिष्यवृत्ती द्यायची आणि नाही म्हणून लिहायचं, या कागदावर माझी सही होणार नाही. रोशेल म्हणाली, कर्जाच्या कागदावर माझीही होणार नाही. टमार बोटाने टेबलावरचे तुकडे सरळ करत होती. खाली बघतच म्हणाली, "बरण्या फेकू नकोस एवढंच, आई."

लोरीनने किटली तुकड्यांवरच टेकवली. "हे कर्ज कशासाठी आहे?"

"कॉलेजसाठी. अजून कशासाठी?"

"ते कळलं गं. कॉलेजला भरायचे किती?"

पहिल्या पत्राप्रमाणे एकसष्ट हजार. मदत आणि खानावळीचं काम मिळून बरोबर एकसष्ट हजार.

"मग हे वरचे साडेपाच हजार कोणाला द्यायचेत?" तिने चष्मा लावला, अख्ख्या पत्राची प्रत ओढली आणि पान उलटलं. दुसऱ्या पानावर बारीक अक्षरांत यादी होती. मी दर वर्षी ती 'इतर खर्च' म्हणून सोडून देत आले. लोरीनने मोठ्याने वाचली. पुस्तकं. कंप्युटर. जाण्यायेण्याचं भाडं. हिवाळ्याचा कोट, बूट. एकेरी पलंगाचं अंथरूण-पांघरूण. टॉवेल. दिवा. बेरीज साडेपाच हजार.

"हे कॉलेजला जातच नाहीत," ती म्हणाली. "पोरीकडे चादरी नाहीत म्हणून कर्ज. माझ्याकडे आहेत चादरी."

डीकन हसायला लागले. "मग भिंतीवर फोटो कशाचा लावायचा? चादरींचा?"

"हसू नकोस, होझिया. असल्या यादीपायी मुली घरी राहतात."

ती एवढ्या करड्या आवाजात कधी बोलत नाही. डीकनांनी कप खाली ठेवला.

घरी येताना मी विचारलं, हे तुला सुचलं कसं. म्हणाली, "असली एक यादी मला पाठ आहे." आणि मग गाडीच्या काचेतून बघत बसली. लोरीनला अभ्यासाची आवड कधीच नव्हती, शाळा संपल्या संपल्या तिने नोकरी धरली. धुलाईघरात रोज चादरी-टॉवेल मोजायला लागत, त्यातूनच लक्षात राहिलं असेल.

१३ जून, बुधवार

केलींना फोन. सरळ विचारलं. चर्चने शिष्यवृत्ती दिलीच नाही तर मदत पूर्ववत होईल का? होईल. ओळखीच्या माणसांनी आपापल्या खिशातून मुलीला वस्तू भेट दिल्या तर?

"मॅडम, मावशीने कोट दिला तर आम्ही त्याची नोंद ठेवत नाही."

"हे मला लेखी पाठवा."

"कोटाबद्दल लेखी?"

"कोटाबद्दल, चादरींबद्दल आणि पुस्तकांबद्दल."

संध्याकाळी ईमेल आलं. छापून या वहीत चिकटवलं आहे. तरीही मनात येतं, ही पळवाट तर नाही? डीकनांच्या पाकिटात आणि यात फरक आहे: यात विचारलं आहे. मला तेवढा फरक पुरतो. मासे तळून जमलेल्या पैशांना मात्र या मुलीसाठी हात लावायचा नाही.

१७ जून, शिक्षण-रविवार

उभी राहिले आणि सांगितलं. बावीस वर्षं मी कॉलेजला पत्रं पाठवली, परिणाम काय होतो ते एकदाही विचारलं नाही. काही मुलांचे पैसे त्यांच्या हाती लागलेच नाहीत. दोष नियमाचा आहे आणि माझा आहे. मग दुसरं पान वाचून दाखवलं. ज्याला जे देणं जमेल त्याने ते द्यावं, स्वतःचं द्यावं.

मागून वेंडेलची आई म्हणाली, "आमेन. आता बसा, व्हर्ना, पाय दुखतील." मग नाव लिहायला माझ्या आधी यादीपाशी तीच पोचली.

३० जून, शनिवार

जुनं पत्र जसंच्या तसं परत आलं. मदत अठ्ठावन्न हजार चारशे. कर्ज हवं की नको, असा प्रश्न कंप्युटरवर असतो. टमारने 'नको' दाबलं. रोशेलने तिला मागे जाऊन पुन्हा दाखवायला लावलं, खरंच 'नको' आहे ना. मग ती तळघराच्या जिन्यावर बसली आणि तिथेच बसल्या बसल्या झोपली. पाळीवर जायच्या वेळी उठवली.

१४ जुलै, शनिवार

चर्चचे पाच हजार आठशे कोणाला, हा प्रश्न होता. गोळ्या आणायला गेले तेव्हा कॅमिलला विचारलं. इथल्या तांत्रिक कॉलेजात नर्सिंगचा अभ्यासक्रम आहे. तिथे मोठी मदत नाही, म्हणजे कापायलाही काही नाही. मी फोन करून दोन माणसांकडून खात्री करून घेतली.

आज ती अर्ज घेऊन आली. मी तारीख बघायला चष्मा लावला तर म्हणाली, "मुदत दोन ऑगस्ट. मी स्वतः जाऊन विचारून आले, मिस व्हर्ना."

"चांगलं केलंस," मी म्हणाले. गेल्या वर्षीची माफी मागणार होते. ती म्हणाली, "सही इथे," आणि पेन पुढे केलं. सही केली. माफी नंतर मागितली, ती दारापाशी पोचल्यावर. ती वळली आणि म्हणाली, "ऐकलं मी." एवढंच. तिच्याकडून तेवढंच यायला हवं होतं.

१२ ऑगस्ट, रविवार

आज चर्चनंतर तळघरात टमारला सुपूर्द केलेल्या वस्तू. डीकनांनी पुठ्ठ्याच्या चेकची मागची बाजू रंगवून त्यावर नुसतं 'टमार' लिहिलं आणि फोटोत धरलं. मी या वर्षी फोटोत उभी राहिले नाही. नोंद दिली त्या क्रमाने:

वेंडेल, अटलांटा: कंप्युटर, नवा. सोबत चिठ्ठी, 'छपरं घालू नकोस.'

वेंडेलची आई: हिवाळ्याचा कोट, दोन मापं मोठा. उत्तरेत मुली जाड होतात म्हणे.

डीकन प्रुइट: जाण्याचं भाडं नाही, मंगळवारी स्वतः गाडीने पोचवणार, दोन दिवस. वाटेत खायला मासे. रोशेलही जाणार, तिने चार दिवसांची रजा काढली आहे.

शाळेतले निवृत्त शिक्षक, सात जण: नाताळात घरी यायचं विमानाचं तिकीट.

कॅमिल हेल: औषधांची पेटी. तापमापक, पट्ट्या, खोकल्याचं औषध. प्रत्येकावर कधी घ्यायचं त्याची वेळ लिहिलेली.

यादीतल्या बाकीच्या तेवीस घरांकडून: बूट, टॉवेल, दिवा, गजर. नावं मागच्या पानावर.

मी: पहिल्या सत्राची सगळी पुस्तकं. कात्री.

रोशेल: सहा रिकाम्या बरण्या, झाकणांसह.

लोरीन जेसप: एकेरी पलंगाच्या सहा पांढऱ्या चादरी आणि सहा अभ्रे, निळ्या कागदात गुंडाळलेले. कापड जुनं आहे, पण एकदाही वापरलेलं नाही; घड्यांवर पिवळ्या रेघा पडल्या आहेत. प्रत्येकाच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याने एल. टी. भरलं आहे. लोरीन टॉलिव्हर, म्हणजे तिच्या लग्नाआधीच्या असणार. त्या वयात एकेरी पलंगाच्या सहा चादरी तिने कशाला करून ठेवल्या होत्या, ते विचारायचं राहून गेलं. मी टमारला म्हणाले, अक्षरं उसवून तुझी घालून देते. टमारने लोरीनकडे पाहिलं आणि म्हणाली, "नको, मॅम. अशाच नेते."

मिळालं. सही: टमार ग्रिग्ज.